किती मार्कांना नंबर लागेल?

(पुण्यात, मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देणाऱ्या मुलांच्या पालकांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, वर येताना जिन्यातच तिघांनी विचारलं, ‘सर, साडेपाचशेला सरकारी मेडिकलला नंबर लागेल का?’ तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. दर जूनला हाच प्रश्न येतो आणि दर जूनला मी उलटा प्रश्न करतो: कुठल्या वर्षीचे साडेपाचशे?

2025चा निकाल 14 जूनला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या भावाचा फोन. ‘दादा, संपलं रे सगळं.’ पुतणीला 720 पैकी 548 होते. घरी गेलो तर स्वयंपाक झालेला नाही, पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. आदल्या संध्याकाळीच हे लोक एका प्रवेश-सल्लागाराकडे जाऊन आले होते. त्याने मागच्या वर्षीची कट-ऑफची यादी काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, सरकारी विसरा. वर परदेशातल्या जागेसाठी पन्नास हजार आगाऊ भरून घेतले. निकालपत्रावर ऑल इंडिया रँक, म्हणजे देशातला क्रमांक, छापलेली असते हो! ती त्याने पाहिली नाही, आणि आमच्याही घरात कुणी पाहिली नव्हती. मी चष्मा लावून पाहिली, तर तेरा हजारांच्या आसपास. पहिल्याच फेरीत तिला सरकारी कॉलेज मिळालं. पन्नास हजार अजून परत आलेले नाहीत, पण माझा संताप पैशांवरून नाही. अठरा वर्षांच्या मुलीने चांगला निकाल हातात असताना रात्रभर रडावं, यावरून आहे.

कमी गुणांना इतकी चांगली रँक कशी? 2024 साली 600च्या वर ऐंशी हजारांहून जास्त मुलं होती. 2025 साली तीच संख्या 1,350च्या आत आली. त्या वर्षीचं फिजिक्स असं होतं, की केंद्राबाहेर मुलं आईला बिलगून रडत होती. देशात पहिल्या आलेल्याला 686 होते.

आणि 2024ची गंमत ऐका, ही फिजिक्सवाल्यांनी सांगायलाच हवी. आधी 67 जणांना 720 पैकी 720 जाहीर झाले होते. त्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्ण गुण एकाच प्रश्नावर उभे होते, अणूंवरच्या. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असं जुन्या पाठ्यपुस्तकात छापलेलं, नव्यात नाही, म्हणून दोन उत्तरं बरोबर धरली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि सुधारित निकालात 720वाले 17 उरले. लाखो मुलांचे पाच-पाच गुण गेले. सांगा आता, नुसत्या गुणांवर कसा भरवसा ठेवायचा?

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली. ज्यासाठी बोलावलंत ते भरभर सांगतो.

‘पात्र’ या शब्दाने हुरळू नका. 2025मध्ये खुल्या गटात 144 गुणांना मुलं पात्र होती. देशभरात बारा लाखांवर पात्र, आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा रँक पाहा. मग राज्याच्या गुणवत्ता यादीतला आपला क्रमांक पाहा, कारण सरकारी कॉलेजातल्या 85 टक्के जागा राज्याच्या आणि 15 टक्के ऑल इंडियाच्या. मग आपल्याच प्रवर्गाची, शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेली शेवटची रँक, दोन-तीन वर्षांची, शेजारी-शेजारी मांडा. पहिल्या फेरीवरून हाय खाऊ नका. डीम्ड, म्हणजे अभिमत विद्यापीठांच्या कॉलेजांना डोमिसाइल लागत नाही, पण फी आधी पाहा. एएफएमसीची, म्हणजे सैन्यदलाच्या पुण्यातल्या मेडिकल कॉलेजची, वेगळी चाचणी आणि मुलाखत असते, आणि पुढे सैन्यदलातली सेवा.

प्रवेशासाठी कॉलेजांचे चॉईस भरताना हवं ते कॉलेज वर ठेवा. पुण्याचं सरकारी बी.जे. मेडिकल हवं असेल तर ‘मिळणार नाही’ म्हणून खाली ढकलू नका. वरचं नाही मिळालं तर यंत्रणा आपोआप खालचं बघते, वर लिहिल्याने खालचं जात नाही.

बाकीचे प्रश्न जिन्याशी विचारा. निकालपत्र घेऊन या, नुसते मार्क सांगू नका.