गाठ काढल्यानंतरची औषधे

स्तनातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण निघाली, तपासणीचा अहवालही चांगला आला, तरी डॉक्टर औषधांविषयी बोलू लागतात, तेव्हा आता औषध कशासाठी, असा प्रश्न रुग्णाला पडतो आणि तो रास्तच आहे. गाठ लहान असतानाच तिच्यातील काही पेशी रक्तावाटे हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत जाऊन बसलेल्या असू शकतात. त्या कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत आजार पोहोचलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी दिल्यास तो उलटण्याचे प्रमाण घटते, हे मिलानमधील कर्करोगतज्ज्ञ बोनादोन्ना यांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले.

मात्र केमोथेरपी प्रत्येकीला लागत नाही. सुमारे ७० टक्के रुग्णांच्या गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढतात आणि त्यांच्यासाठी टॅमॉक्सिफेन हे जुने, स्वस्त औषध आजही महत्त्वाचे आहे. गर्भनिरोधकाच्या शोधात इंग्लंडमध्ये तयार झालेली ही गोळी त्या कामी निरुपयोगी ठरली. पेशीतील इस्ट्रोजेनची जागा अडवण्याचा तिचा गुण मात्र कर्करोगात उपयोगी पडला. पाच वर्षे नियमित घेतल्यास पुढील १५ वर्षांतील या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. अडचण वेगळीच आहे. अंगातून वाफा येणे, सांधे धरणे असे त्रास रोज जाणवतात, फायदा मात्र कधीच जाणवत नाही, त्यामुळे अनेकजणी गोळी मध्येच सोडतात. रजोनिवृत्तीनंतर बहुधा लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल ही शरीरातील इस्ट्रोजेन कमी करणारी औषधे देतात. त्यांनी हाडे ठिसूळ होऊ शकतात.

हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या गाठींसाठी ट्रॅस्टुझुमॅब हे त्या प्रथिनाला अडवणारे औषध साधारण वर्षभर देतात आणि त्या काळात हृदयाची तपासणी करत राहतात.

शस्त्रक्रियेनंतर दिलेले औषध लागू पडते आहे का, हे तपासायला समोर गाठच उरलेली नसते. म्हणूनच हर-टू असलेल्या, तसेच इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्हींच्या चाचण्या नकारार्थी आलेल्या, दोन सेंटिमीटरहून मोठ्या गाठींत आता बहुधा औषधे आधी आणि शस्त्रक्रिया नंतर, असा क्रम ठेवतात. काढलेल्या भागात जिवंत पेशी उरल्या असतील, तर पुढचे औषध बदलता येते.