खालच्या पट्टीतलं मांजर

(दृश्य : सांगली. जुना छापखाना. छपाईच्या अक्षरांचे खिळे ठेवायच्या पेट्या, शेजारी बंद पडलेलं ट्रेडल छपाई मशीन.)

हा ब्लॉक बघा. लाकडी ठोकळ्यावर बारीक चुका मारून बसवलेला जस्ताचा पत्रा, त्यावर गणपती. लग्नपत्रिकेचा. ब्लॉक करून आणायचा म्हणजे वेगळे पैसे, म्हणून एकच गणपती वर्षानुवर्षं कितीतरी लग्नांना चालायचा. मग विनोदी चित्रपट्टीसाठी दर आठवड्याला चार-सहा नवी चित्रं छापायची कुणी आणि कशाच्या जोरावर?

अमेरिकेत त्याचं उत्तर ऑफसेट छपाईनं दिलं. मजकूर टाइप करा, चित्र कापून शेजारी चिकटवा, अख्ख्या पानाचा फोटो घेऊन प्लेट करा. ब्लॉकची गरजच संपली. १९६० नंतर ही छपाई तिथं विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आली आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या पोरांनी आपापली वृत्तपत्रं काढली. टेक्सासमधल्या ऑस्टिनचं ‘द रॅग’ १९६६ चं.

या पत्रांना ‘अंडरग्राउंड’ म्हणत. आपल्याकडे भूमिगत म्हटलं की सांगलीकडचं कुंडल गाव डोळ्यांपुढे येतं, १९४२ ची चळवळ, इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार. तेव्हा पत्रक जवळ सापडलं तरी पोलीस उचलून नेत. ‘द रॅग’ मात्र रस्त्यावर उघड विकलं जायचं. त्यामुळे दोन्हींना एकच शब्द लावताना माझी जीभ अडखळते. तरी ‘द रॅग’वाल्यांनाही सुखानं बसू दिलं नव्हतं. टेक्सास विद्यापीठानं आवारातली विक्री रोखली आणि ते भांडण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

१९६८ मध्ये याच पत्रात व्यंगचित्रकार गिल्बर्ट शेल्टन यांनी आपल्या चित्रपट्टीत तीन केसाळ मित्र आणले. फिनियास, फ्रँकलिन आणि जाडा फ्रेडी. ‘फॅब्युलस फरी फ्रीक ब्रदर्स’. कामधंदा नाही, नशेचा नाद, सदा पोलिसांची धास्ती. मोठ्या दैनिकांनी हे तिघं दारात उभे केले नसते. अंडरग्राउंड पत्रांचा मात्र एक संघ होता, सभासदांनी एकमेकांचा मजकूर फुकट छापावा असा त्यांचा रिवाज. ऑस्टिनची पट्टी अशी गावोगाव पोचली. १९६९ मध्ये शेल्टन आणि त्यांच्या टेक्सासच्या मित्रांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘रिप ऑफ प्रेस’ उभी केली, आणि पुढे तिथून दर आठवड्याच्या पट्ट्या पत्रांना जाऊ लागल्या.

(दृश्य : कागदावर टाक. दोन आडव्या रेघा, मध्ये अरुंद जागा.)

माझा जीव अडकलाय तो मुख्य पट्टीच्या खाली, या बारक्या पट्टीत. तिथं फ्रेडीचं मांजर राहतं. वर तिघांचा गोंधळ चालू असतो, खाली ते झुरळांच्या फौजेशी लढत असतं. मालकावर रागावलं तर त्याच्या हेडफोनमध्ये घाण करून ठेवतं. एवढ्याशा जागेत शेल्टन यांनी त्याची पाठ, शेपूट, रोखलेली नजर अशी काढलीय की वरचे तिघं वाचायचे राहून जातात.

‘द रॅग’ १९७७ मध्ये बंद पडलं. मांजराच्या पट्ट्यांची पुढे स्वतंत्र पुस्तकं निघाली.