ब्लँडिंग्जचं घर आणि गसीचं घर

मॅनहॅटनमधल्या एका फ्लॅटमधली ही सकाळ. बाथरूम एवढीशी, आरसा एकच. नवऱ्याला दाढी करायचीय, बायकोलाही नेमकं तेव्हाच तिथे उभं राहायचंय. दोन मुली आहेत, घरकामाला गसी आहे. जिम ब्लँडिंग्ज जाहिरातीच्या धंद्यात चांगलं कमावतो, पण घरात हालायला जागा नाही.

१९४८ सालचा हा चित्रपट, ‘मिस्टर ब्लँडिंग्ज बिल्ड्स हिज ड्रीम हाऊस’. जिम आहे कॅरी ग्रँट, त्याची बायको म्युरिएल मर्ना लॉय. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्यांना घरं हवी होती, सरकार त्यांच्या कर्जाला हमी देत होतं, न्यूयॉर्कबाहेर लेव्हिटटाउन ही एकसारख्या घरांची मोठी वसाहत उभी राहत होती. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी तर देशभरात ब्लँडिंग्जच्या घरासारखी ७० च्या वर घरं बांधली गेली.

घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो. जिम कनेटिकटमध्ये एक जुनं घर घेतो आणि जो जाणकार येतो तो एकच सल्ला देतो: पाडा. मग नवीन बांधायला काढतो. सुतार काहीतरी विचारतो. जिमला त्यातला शब्दही कळत नाही, पण मालकाने अडाणी कसं दिसायचं? तो अंदाजाने ‘नको’ म्हणतो. सुतार वर हाक मारतो, आणि बसवलेल्या फळ्या धडाधड खाली येतात.

आता हा प्रसंग नीट बघा. म्युरिएल रंगाऱ्याला रंग समजावतेय. दिवाणखान्याचा हिरवा पक्ष्याच्या अंड्याइतका निळसर नको, कळीइतका पिवळटही नको. जेवणघर ताज्या लोण्यासारखं. स्वयंपाकघर पांढरं, पण दवाखान्याचं पांढरं नव्हे. तिने नमुन्याला दोरासुद्धा आणलाय. रंगारी मन लावून ऐकतो. ती गेल्यावर मदतनिसाला विचारतो, कळलं ना? तो सांगतो: लाल, हिरवा, निळा, पिवळा, पांढरा.

लोक या प्रसंगाला हसतात. मला मात्र इथे म्युरिएल फार आवडते. भिंतींना रंग लागायच्या आधीच ती त्या घरात राहायला गेलेली आहे.

खर्च वाढत जातो, आणि तिकडे नोकरीवर गदा येते. ‘व्हॅम’ नावाच्या हॅमसाठी, म्हणजे डुकराच्या मांसासाठी, जिमला जाहिरातीची एक ओळ हवीय. रात्रभर जागूनही सुचत नाही. सकाळी नाश्ता वाढताना गसी सहज बोलून जाते: व्हॅम खात नसाल, तर तुम्ही हॅमच खात नाही! नोकरी वाचते, घर वाचतं. गसीला १० डॉलरची पगारवाढ मिळते.

गसीचं काम करणारी लुईस बीव्हर्स. कृष्णवर्णीय असल्यामुळे तिच्या वाट्याला जन्मभर बहुतेक मोलकरणीच्याच भूमिका आल्या. पण लॉस एंजेलिसच्या शुगर हिल वस्तीत तिचं स्वतःचं घर होतं. इथली घरं फक्त गोऱ्यांसाठी, असा करार दाखवून गोऱ्या शेजाऱ्यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांना बाहेर काढण्यासाठी खटला भरला. बीव्हर्स लढली. अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियलही लढली. वकील होते लॉरेन मिलर. डिसेंबर १९४५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

पुढे मिलर सर्वोच्च न्यायालयातही अशाच खटल्यात उभे राहिले. मे १९४८ मध्ये निकाल आला: असे करार न्यायालयं अमलात आणणार नाहीत.

चित्रपटाच्या शेवटी ‘व्हॅम’ची जाहिरात दिसते. त्या जाहिरातीत हसणारा चेहरा गसीचा आहे.