एका रुपयात आठ लेव्हल

(दृश्य: बेळगाव, खडे बाजार. संध्याकाळची गर्दी. दुकानात गिऱ्हाईक नाही. काउंटरमागं चाळिशीतला माणूस मोबाइलवर जुना गेम खेळतोय.)

निवेदन: बेळगाव-निपाणीकडच्या या वयाच्या माणसाला लहानपणीचा गेम विचारा. ‘मुस्तफा’ म्हणेल. कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ साली आणलेला हा गेम, खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला? त्यातला पिवळ्या टोपीचा गडी मुस्तफा घ्यायचा, धावत जाऊन लाथ घालायची, बस.

व्हिडिओ गेम पार्लरचं गणित साधं. मशीनमध्ये रुपया टाकायचा, पोरगं चार-पाच मिनिटांत आडवं, की पुढचा रुपया. पण एखादा वस्ताद निघायचाच. त्याला आठही लेव्हल तोंडपाठ. कुठल्या पिंपातून खायला निघणार, कुठला गुंड कुठल्या बाजूनं घुसणार, सगळं. स्क्रीनवर माणूस दिसायच्या आधीच याचं बोट बटणावर पडलेलं. एका रुपयात मशीन अडवून बसायचा, आणि मालकाचं तोंड वाकडं.

मागं उभी पोरं ओरडायची, ‘अरे, मागनं यायलाय बघ!’ वस्ताद मान हलवायचा नाही.

मग मजा कुणाला येत होती? खरं सांगायचं तर मागच्यांना. वस्तादाच्या खेळातलं ‘आता काय होणार’ कधीच संपलेलं. मग तो स्वतःच अडचण शोधायचा. बंदूक उचलायचीच नाही, किंवा मुस्तफा सोडून सगळ्यात जड, हळू चालणारा गडी घ्यायचा. तेवढ्यावर आणखी काही दिवस निघायचे. पुढं तो पार्लरला यायचाच बंद व्हायचा.

(दृश्य: जुन्या टीव्हीवर टेट्रिस. कंट्रोलर धरलेले हात, जवळून.)

टेट्रिसचं, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायच्या गेमचं, उलटंच झालं. १९८९ साली निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर आलेल्या टेट्रिसमध्ये २९ व्या लेव्हलला ठोकळा वरून तळाशी यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. माणसाची बोटं तेवढी चालत नाहीत, तेव्हा गेम इथंच संपला, असं कित्येक वर्षं सगळे धरून चालले होते. मग खेळाडूंनी कंट्रोलर धरायची तऱ्हाच बदलली. अंगठा बटणावर नुसता टेकवायचा, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखी टकटक करायची. २१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा १५७ व्या लेव्हलपर्यंत गेला, तेव्हा कुठं गेमच गोठला. हात बसत गेला तसा हा गेम वाढत गेला. मुस्तफाच्या वस्तादाला पुढं जायला नववी लेव्हलच नव्हती.

(दृश्य: अनगोळ. गल्लीतला कट्टा, चार पोरं, चार मोबाइल.)

आता बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम. एका मॅचला १०० जण, आणि आवळत येणाऱ्या ‘झोन’च्या आत शेवटपर्यंत टिकायचं. तुम्ही सुधारलात की समोर तुमच्यासारखेच पोचलेले गडी येतात, आणि सीझन बदलला की टियर, म्हणजे खेळाडूचा दर्जा, घसरतो. म्हणजे वस्ताद व्हायची सोयच ठेवलेली नाही. कंपनीच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच आहे. कंटाळलेला माणूस उठून जातो. आम्हाला मात्र यात मुस्तफाच सरळ वाटतो. आठ लेव्हल दिल्या, संपवल्यास ना, मग जा घरी.

मजा येते काय रे, म्हणून पोरांना विचारलं. मान वर न करता एक जण म्हणाला, ‘थांबा की जरा. झोन यायलाय.’