पाठमोरी शर्यत

धावणाऱ्याचा मान कोणाला समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक माणूस कधी ना कधी जिवाच्या आकांताने धावलेला असतो, धाप लागणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणून धावपटूला अंतिम रेषेवर कोसळताना पाहिले की त्याच्या कष्टांची किंमत पाहणाऱ्याला लगेच कळते. जे श्रम आपल्या शरीराने कधी केलेले नाहीत, ते मात्र डोळ्यांना सोपे वाटतात. आता पडद्यावर दिसणारी ही नौका पाहा. पाण्यावर विरळ धुके आहे, आठ वल्ही एकाच क्षणी वर येतात आणि एकाच क्षणी बुडतात, आणि हे सारे इतके देखणे आहे की त्यात कष्ट असतील अशी शंकाही येत नाही. धावण्याखालोखाल सर्वाधिक मान कोणत्या खेळाचा, या प्रश्नाला आमचे उत्तर नौकानयन हे आहे.

एकच स्ट्रोक, म्हणजे वल्ह्याचा एक पूर्ण फेरा, संथ गतीने पाहू. प्रारंभी खेळाडूचे गुडघे छातीशी आलेले असतात, हात पुढे ताणलेले असतात. वल्ह्याचे पाते पाण्यात शिरते आणि त्याच क्षणी पाय रेटा देऊ लागतात. नौकानयन हा हातांचा खेळ आहे, हा त्याच्याविषयीचा सर्वांत जुना गैरसमज असावा. बळाचा मोठा वाटा मांड्यांचा असतो. चाकांवरचे आसन मागे सरकते, पाय सरळ होत आले की पाठ उघडते, आणि हात अगदी शेवटी वल्ह्याची मूठ पोटापाशी आणतात. पाते पाण्याबाहेर येते, मनगटाच्या वळणाने आडवे होते, आणि खेळाडू पुन्हा पुढे सरकू लागतो. हे सरकणेही सावकाश करावे लागते, कारण घाईने पुढे लोटलेले शरीराचे वजन नौकेचाच वेग मोडते. प्रत्येक स्ट्रोकच्या आरंभी मांड्या पोटावर दाबल्या जातात, त्यामुळे श्वासही गरजेप्रमाणे नव्हे, तर वल्ह्याच्या तालाप्रमाणे घ्यावा लागतो. शर्यतीच्या वेगात मिनिटाला 36 ते 40 स्ट्रोक होतात, आणि 2000 मीटरच्या एका शर्यतीत ते दोनशेच्या पलीकडे जातात.

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असते, आणि नौकेचा वेग दुप्पट करायचा तर शक्ती दुप्पट नव्हे, जवळजवळ आठपट लागते. 2017 साली पोलंडमधील पोझ्नान येथे एकाच स्पर्धेत हे आकड्यांत दिसले. न्यूझीलंडच्या रॉबी मॅन्सनने एकट्याच्या नौकेतून 2000 मीटरचे अंतर 6 मिनिटे 30.74 सेकंदांत कापले, आणि जर्मनीच्या आठ जणांच्या नौकेने तेच अंतर 5 मिनिटे 18.68 सेकंदांत पार केले. माणसे आठपट होती, आणि वाचलेला वेळ 72 सेकंदांचा होता.

आता कॅमेरा सुकाणूच्या बाजूने, म्हणजे नौकेची दिशा सांभाळून इशारे देणाऱ्या कॉक्सच्या जागेवरून, खेळाडूंच्या चेहऱ्यांकडे पाहतो आहे. कॉक्स सोडला तर या नौकेतील प्रत्येक जण गंतव्याकडे पाठ करून बसलेला आहे. दमलेला धावपटू दोन पावले सैल टाकू शकतो. येथे एकाचे पाते क्षणभर उशिरा निघाले तर पाणी ते धरून ठेवते, मूठ उलटून अंगावर येते आणि आठही जणांची लय तुटते. म्हणून थकवा आला तरी तो मागच्या-पुढच्या सात जणांवर पडू न देता स्वतःच्या अंगात जिरवावा लागतो.

दुसरा मान आम्ही वॉटर पोलोला, म्हणजे पाण्यात पोहत खेळायच्या चेंडूच्या खेळाला देऊ, आणि त्याचे कारण पाण्याखालच्या या दृश्यांत आहे. वर दिसतात ती डोकी, खांदे आणि चेंडू. खाली मात्र पाय आलटून पालटून वर्तुळात अखंड फिरत असतात, आणि त्यांच्याच जोरावर खेळाडू कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळतो. सामना आठ-आठ मिनिटांच्या चार भागांचा असतो, आणि गोलरक्षक वगळता कोणालाही तळाचा आधार घेता येत नाही, की चेंडू दोन्ही हातांनी धरता येत नाही. प्रतिस्पर्धी त्याच वेळी अंगाशी झटत असतो.

कुस्तीच्या तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि बर्फावरचे लांब पल्ल्याचे क्रॉस-कंट्री स्कीइंग यांचाही हक्क मोठा आहे. स्कीइंगमध्ये हात आणि पाय दोन्ही चढणीवर राबतात, आणि अंतिम रेषेपलीकडे बर्फात आडवे पडलेले हे खेळाडू काही क्षण उठूही शकत नाहीत.

पुन्हा नौकेकडे येऊ. ब्रिटनच्या स्टीव्ह रेडग्रेव्हने 1984 ते 2000 या काळात सलग पाच ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. 1997 साली त्याला मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले होते, तरीही वयाच्या 38 व्या वर्षी सिडनी येथे तो चौघांच्या नौकेत बसला आणि ती नौका इटलीच्या पुढे अवघ्या 0.38 सेकंदाने पोहोचली. स्त्रियांना ऑलिंपिक नौकानयनाचे दार 1976 साली माँट्रियल येथे उघडले, तेही 1000 मीटरपुरते. पुरुषांइतके 2000 मीटरचे अंतर त्यांना 1988 साली मिळाले. या खेळात पाठीच्या खालच्या भागाचे दुखणे आणि बरगड्यांना पडणारे बारीक तडे नित्याचे आहेत.

हे अखेरचे चित्रण सरावानंतरचे आहे. वल्ही एकेक करून धक्क्यावर ठेवली गेली आहेत. आठ जणांची शर्यतीची नौका नियमानुसार किमान 96 किलो वजनाची असावी लागते, आणि ती पाण्यातून उचलण्याचे काम त्याच आठ जणांचे असते. कॉक्स इशारा देते. आठही जण गुडघ्यांत वाकतात, नौका डोक्यावर घेतात, तिच्या तळातून पाणी निथळू देतात, आणि मग ती खांद्यांवर टेकवून एका रांगेत चालू लागतात.