डब्यातली मशीन

(दृश्य: पहाट. ओसरीवर खाट, बाजूला कापसाचा ढीग, चुलीचा धूर.)

हिंगणघाटपासून तासाभरावरचं हे गाव. कापूस घरात आला की एक खोली छतापर्यंत भरते आणि माणसं मग ओसरीवर झोपतात. खाटेवर बसलेत ते आबाजी. वय विचाराल तर ते स्वतः ७६ सांगतात, सूनबाई ७८ म्हणतात, आधारकार्डावर अजून तिसरंच काहीतरी आहे.

(नातू: "आबाजी, चहा घेता का?" आबाजी: "गेला, कालच गेला तो, हिंगणघाटले.")

हे आम्ही मुद्दाम करून घेतलेलं नाही हं, शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी कॅमेरा चालू होता म्हणून सापडलं. "घेता का" विचारलं, त्यांना ऐकू आलं "गेला का". दोन्हीतले स्वर बघा, ए-आ-आ, तेच्या तेच. स्वर जाड असतात, खालच्या पट्टीतले, ते कानापर्यंत पोचतात. स, श, त, क असली बारीक अक्षरं वरच्या पट्टीत असतात आणि म्हातारपणात कान जातो तो वरच्या पट्टीपासून, म्हणून म्हातारी माणसं म्हणतात ना, "आवाज येते पन समजत नाई", ते शब्दशः खरं असतं. आवाज येतोच. अक्षरं गळालेली असतात.

आणि आपण काय करतो, मोठ्यानं ओरडतो. म्हणजे जे ऐकू येतंच आहे तेच अजून मोठं करतो.

घरात या सगळ्याचं नाव वेगळंच पडलं होतं. "बुढा चळला." विचारलं एक, उत्तर भलतंच, मग दुसरं काय म्हणणार लोक.

(दृश्य: जिनिंगची जुनी शेड, पट्टे, धूळ.)

आबाजींनी तरुणपणी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बरेच हंगाम काढले. आम्ही गेलो तेव्हा शेड बंद होती, त्यामुळे मशिनींचा आवाज काही तुम्हाला ऐकवता येत नाही, पण कापसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही माणसाला तो माहीत आहे. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात बारीक केसांच्या पेशी, एका कानात पंधरा-सोळा हजार फक्त. आवाजानं आणि वयानं त्या मरतात आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. संपला विषय.

(दृश्य: सून लोखंडी पेटी उघडते. स्टीलचा डबा. आत मशीन.)

आता हे बघा. "मशीन हाये की घरात," सूनबाई म्हणाल्या, आणि पेटीतून स्टीलचा डबा काढला. खाली विम्याचे कागद, वर कानाची मशीन, रुमालात गुंडाळलेली. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात मिळाली होती. रांगेत बसवलं, तयार रबरी बोंडी कानात घातली, फोटो काढला, पुढचा या. परत कधी यायचं ते कोणी सांगितलं नाही. आबाजींनी चार दिवस लावली. ताटवाट्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा, वरून मशीन शिट्ट्या मारायची आणि नातू हसायचा. पाचव्या दिवशी डब्यात.

मला विचाराल तर या फिल्मचा विषय आबाजी नाहीतच, हा डबा आहे. असे डबे किती घरात असतील!

(दृश्य: लालपरीतून प्रवास, मग वर्ध्यातल्या दवाखान्याचा व्हरांडा.)

वर्ध्याला पहिलं काम झालं ते मळ काढायचं. दिसायला बरं नाही म्हणून ते दाखवत नाही, पण मळानंही चांगलं कमी ऐकू येतं, तेव्हा मशीनच्या आधी कोणीतरी कानात डोकावून बघायला हवं.

मग ही खोली. पंखा बंद, दार बंद, कानावर हेडफोन. कान तपासणाऱ्या मॅडम एकेक आवाज सोडतात, ऐकू आला की आबाजींनी बोट वर करायचं. बोटाकडे बघा. जाड आवाजाला लगेच वर. आवाज चढत चढत बारीक होत गेला तसं बोट थांबतं... आणि मग नुसतंच मांडीवर. मॅडम कागदावर खुणा करतायत, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली, आणि त्या जोडल्या की घाटातून उतरणाऱ्या रस्त्यासारखी रेघ दिसते. कागदाच्या डाव्या बाजूला, जाड आवाजांना, बऱ्यापैकी वर, उजव्या बाजूला, ४००० हर्ट्झच्या बारीक आवाजाला, पार खाली. ही रेघ प्रत्येकाची वेगळी, म्हणून शेजाऱ्याची मशीन आपल्याला चालत नाही, आणि सगळे आवाज सरसकट मोठे करणारी तर नाहीच नाही.

(दृश्य: साचा घेताना, क्लोजअप.)

हा आमचा सगळ्यात आवडता शॉट. दोरा बांधलेला छोटासा स्पंज आधी कानात आत सरकवतात, म्हणजे पुढे पडद्याकडे काही जाणार नाही. मग दोन रंगांचे गोळे कणकेसारखे एकत्र मळायचे, पटकन, नाहीतर हातातच घट्ट होतात, पिचकारीत भरायचे आणि कानात सोडायचे. आबाजी डोळे मिटून बसलेत. "थंडगार लागते." पाचेक मिनिटं बोलायचं नाही. मग हळूच ओढून काढलं की अख्खा कान हातात येतो, वाकडातिकडा, चिंचेच्या बोटकासारखा. यावरून मोल्ड, म्हणजे त्याच कानाच्या मापाची बोंडी, बनतो. मोल्ड नीट बसला की आवाज बाहेर गळत नाही, आणि शिट्टी वाजते ती बहुतेक त्या गळतीनंच, बाहेर गेलेला आवाज मशीनच्या माइकमध्ये परत शिरतो म्हणून. म्हणजे दोन वर्षांपूर्वीची मशीन खराब नव्हतीच. बोंडी बसत नव्हती, एवढंच.

तीच मशीन, नवा मोल्ड, आणि त्या उताराच्या रेघेप्रमाणे सेटिंग.

(दृश्य: मशीन लावताना आबाजींचा चेहरा. निवेदन नाही.)

आता डोक्याचं, कारण लोक तेच विचारतात. ऐकू न येणं आणि डिमेन्शिया, म्हणजे विसरभोळेपणाच्या पुढचा आजार, यांचा संबंध अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉक्टर फ्रँक लिन यांनी २०११ मध्ये ६३९ लोकांच्या अभ्यासातून दाखवला, कान जेवढा जास्त गेलेला तेवढा धोका जास्त. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी जी १४ कारणं आहेत त्यात कान आहेच. पण २०२३ च्या एका अभ्यासाचा जो आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, मशीननं ४८ टक्के फरक पडतो म्हणे, तो अर्धाच सांगतात. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं, अर्ध्यांना मशीन आणि नियमित भेटी. सगळे मिळून बघितले तर फरक दिसलाच नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. तेव्हा मशीन लावा आणि डिमेन्शिया विसरा, असं नाही. कानाचा डोक्याशी हा संबंध कशामुळे, यावरही एकच उत्तर नाही, ऐकण्यातच डोक्याची ताकद संपते म्हणून असेल किंवा माणूस चारचौघात बसायचा बंद होतो म्हणून.

(दृश्य: सून बॅटरी बदलते.)

घरी आल्यावरचं काम सूनबाईंच्या अंगावर. ही वाटाण्याएवढी बॅटरी, हिच्यावर नारिंगी स्टिकर असतो. तो काढला की हवा आत जाते आणि बॅटरी जागी होते, म्हणून एक मिनिट थांबून मग झाकण लावायचं. स्टिकर काढला की ती संपायलाच लागते, आठवडा, फार तर दोन. पहिल्या आठवड्यात दिवसाला तासभरच, घरात, एकाच माणसाशी बोलताना. मग हळूहळू अंगणात, मग बाजारात. डोक्याला एवढ्या आवाजांची सवय सुटलेली असते, ती लगेच येत नाही. रात्री काढून ठेवायची, आंघोळीला काढायची, आणि आपल्याकडचा उन्हाळा बघता नळीतला घाम रोज पुसायचा. "मामाजी, पुसली का?" हे आता घरात दिवसातून तीनदा ऐकू येतं. त्यांनाही.

मशीन नसेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या वरच्या पात्र लोकांना एकदाच ३००० रुपये मिळतात, त्यात श्रवणयंत्र बसतं. तीन हजारात कसली मशीन येते ते वेगळं. वर्ध्याला अजून दोन चकरा झाल्या, त्यात आमचा कॅमेरा नव्हता.

(दृश्य: संध्याकाळ. मंदिराचा ओटा. सामुदायिक प्रार्थना, मग भजन.)

तुकडोजी महाराजांचं मोझरी इथून फार लांब नाही, त्यामुळे गावोगाव खंजिरी. आबाजींनी मंडळात जाणं सोडलं होतं. भजनं पाठ, ताल हातात, मग सोडलं कशाला? आम्हाला वाटलं भजन ऐकू येत नसेल.

(आबाजी: "भजनाचं काय हाये, थे तं मले पाठच हाये. भजन झाल्यावर सारे हासत. मले समजेच नाई काऊन हासून रायले. वाटे, मलेच हासतेत.")

आज खंजिरी त्यांच्या हातात आहे. पहिली थाप पडली आणि मशीन कानात अशी कडाडली की त्यांनी ती काढून बंडीच्या खिशात टाकली. अख्खं भजन मशीनशिवाय वाजवलं, ताल एकदाही चुकला नाही.

मग चहा आला, लोक सरकून बसले, आणि आबाजींनी खिशात हात घातला.