शेरलॉक होम्सचा लेखक आणि परलोकातली माणसं

आर्थर कॉनन डॉयल म्हटलं की आपल्याला शेरलॉक होम्स आठवतो, आणि हाच माणूस म्हातारपणी गावोगाव, देशोदेशी भाषणं देत फिरत होता की मेलेल्या माणसांशी बोलता येतं. याचं एक रेडिमेड उत्तर सगळीकडे मिळतं, पहिल्या महायुद्धात मुलगा गेला, बिचारा खचला आणि प्लँचेटच्या नादी लागला. ऐकायला बरं वाटतं, पण तारखा जुळत नाहीत.

मुलगा किंग्सली सॉमच्या लढाईत जखमी झाला होता, तो गेला ऑक्टोबर १९१८ मध्ये, फ्लूच्या साथीत. डॉयलने आपला विश्वास जाहीर केला तो १९१६ मध्येच. आणि नाद तर त्याही आधीचा, १८८० च्या दशकात साउथसीला दवाखाना चालवत असताना टेबलाभोवती बसून आत्मे बोलवायच्या बैठकांना तो जायचा, १८९३ मध्ये अशा गूढ गोष्टींचा अभ्यास करणाऱ्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चचा मेंबर पण झाला. युद्धाने फार तर घाई केली म्हणा. बायकोचा भाऊ गेला, मुलगा गेला, १९१९ मध्ये सख्खा भाऊ इनेस गेला.

बरं, माणूस भोळसट होता म्हणावं तर जॉर्ज एडलजीची केस बघा. जॉर्जचे वडील मूळचे मुंबईचे पारशी, ख्रिश्चन होऊन इंग्लंडमध्ये पाद्री झालेले. रात्री जनावराला भोसकल्याच्या आरोपावरून १९०३ मध्ये जॉर्जला शिक्षा झाली. पुढे डॉयल त्याला हॉटेलात भेटायला गेला तर हा पेपर डोळ्यांजवळ नेऊन, तिरका धरून वाचत बसलेला. डॉयल डोळ्यांचं शिकलेला डॉक्टर, त्याने तिथेच ओळखलं की इतकी अधू नजर असलेला माणूस अंधारात शेतं तुडवत जाऊन हे करूच शकत नाही. १९०७ मध्ये जॉर्जला त्या आरोपातून माफी मिळाली.

आणि हाच डॉयल इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावच्या दोन पोरींना फसला! १६ वर्षांची एल्सी आणि ९ वर्षांची फ्रान्सिस, मावसबहिणी, १९१७ मध्ये ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले म्हणाल्या, आणि डॉयलने ते १९२० च्या डिसेंबरमध्ये स्ट्रँड मासिकात छापून आणले. १९८३ मध्ये दोघींनी कबूल केलं, कागदी कटआउट्स होते, टोपीच्या पिनांनी उभे केलेले. चित्रं ज्या पुस्तकावरून काढली त्यात डॉयलची स्वतःचीच एक गोष्ट होती, आता बोला.

मला वाटतं घोळ इथे आहे. एडलजीच्या वेळी त्याने डोळे तपासले, आत्म्यांच्या वेळी तो समोरच्याचं घराणं तपासायचा. माणूस सभ्य आहे ना, पैसे मागत नाही ना, मग खोटं कशाला बोलेल?

जादूगार हुडिनीशी त्याची दोस्ती याच्यावरच मोडली. जून १९२२, अटलांटिक सिटी. डॉयलच्या बायकोने, जीनने, हुडिनीच्या मेलेल्या आईचा निरोप पानंच्या पानं भरून लिहून दिला, तोही इंग्रजीत आणि वर क्रॉस काढून. हुडिनीची आई ज्यू धर्मगुरूची बायको, तिला इंग्रजी येत नव्हतं. हुडिनी तेव्हा गप्प बसला, नंतर जाहीर बोलला. पण जीन खोटारडी असू शकते हे डॉयलच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती मुद्दाम फसवत होती असं मलाही वाटत नाही. डॉयलचं मत उलट असं, की हुडिनीकडेच दैवी शक्ती आहे आणि तो लपवतोय. हुडिनी बिचारा सांगून थकला की बाबा रे, ही ट्रिक आहे.

१९२५ मध्ये डॉयलने लंडनला परलोकविद्येच्या पुस्तकांचं दुकान काढलं, १९२६ मध्ये त्याच विद्येच्या इतिहासाचे दोन खंड लिहिले. ७ जुलै १९३० ला तो गेला, आठवड्याभरात अल्बर्ट हॉलमध्ये हजारो लोक जमले, स्टेजवर त्याची खुर्ची रिकामी ठेवलेली, आणि मीडियम बाईंनी, म्हणजे आत्म्यांशी बोलता येतं म्हणणाऱ्या बाईंनी, सांगितलं, तो आलाय.

आपल्या दुसऱ्या हिरोला, प्रोफेसर चॅलेंजरला, त्याने १९२६ च्या कादंबरीत आत्मे मानायला लावलं. होम्सला नाही. उलट १९२४ च्या एका कथेत होम्स वॉटसनला बजावतो की आमच्या धंद्यात भुतांना जागा नाही. हे वाक्य लिहिताना डॉयल परलोकावर पुस्तकांमागून पुस्तकं काढत होता.